शामचा महिना

इंदूर,
१८ सप्टेंबर १९९९

अनु,

त्या सकाळी नर्मदेचं पाणी उशिरा आलं. नळाखाली हंडा लावला, तो भरेपर्यंत ओटा धुतला, पोहे चाळून भिजवले, आदल्या दिवशीच्या दुधावरची साय काढून ठेवली. तुझे काका पायरीवर पेपर घेऊन बसले होते. मी आतूनच ओरडले, "गोळ्या घ्या." ते म्हणाले, "मिलचा भोंगा बंद पडला, घरचा काही बंद पडत नाही." मी दोन्ही डब्या आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्यांनी दोन गोळ्या काढल्या, गिळल्या, आणि मी अजून उभीच आहे हे बघून जीभ बाहेर काढून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. मग मी पोह्यांना फोडणी दिली.

असा तो दिवस होता, आणि त्याच्या आधीचे-नंतरचेही असेच होते. गेल्या वर्षी संक्रांतीला तू स्वतः गोळ्या घेऊन आलीस, पुढे पार्सलने पाठवत राहिलीस, तेव्हापासून ते त्यांना गिळता येईनासं झालं तोपर्यंत, सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून मी गोळ्या दिल्या. आणि तू लिहितेस, "काकू, खरं सांग, मधे बंद तर नव्हत्या ना केल्या? इतक्या लवकर असं व्हायला नको होतं." त्यांना जाऊन महिना झाला नाही आणि तू माझी हजेरी घेतेस.

काय व्हायला नको होतं ते मी सांगते. ब्याण्णव साली फाटकावर कागद चिकटवून मिल बंद व्हायला नको होती. वीस वर्षं कापड विणायच्या साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला रक्त विकायच्या दुकानात जायला लागायला नको होतं. त्या दुकानात रांगेतल्या सगळ्यांना एकच सुई टोचायला नको होती. रक्त घेतल्यावर ते केळं द्यायचे. तुझे काका ते खिशात घालून घरी आणायचे, आणि मी विचारायची, केळं कुठलं, तर म्हणायचे, एकाने दिलं. पुढे ताप उतरेना तेव्हा आम्ही महूला जाऊन तपासणी केली, कारण इथे परदेशीपुऱ्यात कुणी बघितलं असतं. त्यांचं निघालं, त्याच दिवशी माझंही निघालं. मला कुठल्या दुकानातून मिळालं ते तुला सांगायला नको. तुझे बाबा अजून लोकांना टीबीच सांगतात. दिवाकर भावोजींना भावापेक्षा शेजारी जवळचे आहेत.

तू पाठवलेला तुमच्या लॅबमधल्या उंदरांवरचा इंग्रजी लेख मी लायब्ररीतली डिक्शनरी घेऊन वाचला. मी सातवी शिकलेली, मला पुष्कळ दिवस लागले. एवढं समजलं की या उंदरांना स्वतःची रोगाशी लढायची ताकद नसते. त्यांच्यात माणसाच्या पेशी घालता, मग त्यांना हा रोग देता, आणि तो त्यांच्यात कसा बदलत जातो ते बघता. त्यांना गाळलेली हवा देता, उकळलेलं खाणं देता, दर आठवड्याला वजन करता. तुझ्या काकांच्या खात्यात कापसाचा एवढा गर्दा असायचा की घरी आल्यावर त्यांच्या पापण्या झटकाव्या लागायच्या. एक खिडकी उघडू दिली नाही कधी, धागा तुटतो म्हणून.

राहिलेल्या डब्या मी सुरू कराव्यात म्हणतेस. मी अजून हात लावलेला नाही. त्यांच्या आहेत त्या.

एक विचारते. उंदरांत घालता त्या पेशी कुठल्या माणसाच्या? ते मला लेखात नीट कळलं नाही. की कळलं आणि विश्वास बसला नाही.

मंगला


बाल्टिमोर,
६ ऑक्टोबर १९९९

काकू,

पत्राखाली तू नुसतं "मंगला" लिहिलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्यावर रागाव, पण असं नको करूस.

मी हजेरी घेत नव्हते गं. मी का विचारलं ते सांगते. संक्रांतीला मी काकांच्या बोटातून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेतले होते आणि तुला शिकवलं होतं, आठवतंय ना? मग तू दर तीन-चार महिन्यांनी वाळवलेलं कार्ड पोस्टाने पाठवायचीस. ती कार्डं आमच्याकडे रांगेत पडून होती. माझं खरं काम उंदरांचं, आणि काकांची कार्डं म्हणजे मी मागून घेतलेलं ज्यादा काम. शेवटी ऑगस्टच्या अखेरीला मशीन मिळालं. तोपर्यंत काका गेले होते.

हा विषाणू स्वतःच्या नकला काढतो आणि प्रत्येक नकलेत काहीतरी चुकतो. बहुतेक चुका त्याला महागात पडतात. पण एखादी चूक अशी असते की औषध त्याला ओळखू शकत नाही. औषध रोज पोटात असेल तर त्याला नकला काढायलाच मिळत नाहीत, म्हणून चुकाही होत नाहीत. औषध थांबलं की तो मोकाट सुटतो, पुन्हा सुरू केलं की जे चुकलेले असतात तेवढेच उरतात. मग त्यांचंच राज्य. माझ्याकडे उंदरांचे तीन गट आहेत. एकाला औषध नाही, एकाला रोज, आणि तिसऱ्याला थोडे दिवस देऊन थोडे दिवस बंद. काकांच्या पहिल्या कार्डात काही नाही, स्वच्छ. दुसऱ्यात सुरुवात. तिसऱ्यात आणि त्यापुढच्या कार्डांत जे दिसलं ते मी फक्त तिसऱ्या गटात पाहिलंय. काकू, मी चार वेळा करून पाहिलं. म्हणून विचारलं.

तू काकांच्या कार्डासोबत पाठवलेलं तुझं कार्डही पाहिलं. त्यात असे बदल नाहीत. औषध तुझ्यावर चालेल. सुरू कर, प्लीज. काकांच्या म्हणून ठेवू नकोस.

पेशींचं विचारलंस. त्या न जन्मलेल्या बाळांच्या असतात. गर्भ पाडलेल्या बायका लिहून परवानगी देतात. त्यांच्यावर जबरदस्ती नसते. याच्यावर इथेही भांडणं होतात. मी रोज त्या खोलीत जाताना विचार करत नाही, कारण केला तर काम होणार नाही.

तुझी,
अनु

ता.क. बाबांशी मी बोलले. ते म्हणाले, "तू तिकडून कर शहाणपणा, गल्लीत राहायचं आम्हाला आहे."


इंदूर,
२ नोव्हेंबर १९९९

अनु,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते फाडणार होते. एक माणूस माझ्यासमोर गोळी गिळतो आणि सातासमुद्रापलीकडचा उंदीर म्हणतो की नाही गिळली. मी कुणावर विश्वास ठेवायचा? असं मी चार पानं लिहून ठेवलं होतं. ती चार पानं काल चुलीत घातली.

काल शाम आला. तुला आठवेल, काकांचा मिलमधला जोडीदार, त्यांना भिया म्हणणारा, स्वतःच्या लग्नात तुझ्या पुढ्यात जिलबीचं ताट ठेवून "खा अनुताई, डॉक्टर होणार तू" म्हणणारा. तो तेराव्यालाही आला होता, पण तेव्हा भिंतीला टेकून नुसता बसला होता. काल दारातच उभा राहिला. किती वाळलाय! तोंडात पांढरं आलंय.

"वहिनी, कसं बोलू? एक तारीख आहे ना आज."

मी म्हटलं, "हो, मग?"

"भिया असते तर मी आलोच नसतो. भिया खुद पोचवायचे. ये महीना अपना है, वहिनी."

मला काही कळेना. मी त्याला आत घेतलं, चहा ठेवला. मग त्याने सांगितलं. त्याचं एकेक वाक्य मी तुला लिहिते, कारण मला ते पोटात ठेवून जगता येणार नाही.

तुला मिलची रीत ठाऊक नाही, म्हणून आधी ती सांगते. साचा कायम कामगाराचा. तो आला नाही तर त्याच्या जागी बदली कामगाराला उभं करायचे, आणि त्या दिवसाची हजेरी बदलीची. शाम तुझ्या काकांचा बदली होता. रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा, कुणाचा खाडा पडतो का बघत. शामचं लग्न झालं, पोरगी झाली, आणि फाटकावरून हात हलवत परत जायचे दिवस वाढले, तेव्हा तुझे काका मुद्दाम खाडा करायला लागले. महिन्यातले काही दिवस आपले, काही शामचे. एका साच्यावर दोन घरं. मी भांडायची, तर म्हणायचे, "अगं, तो उपाशी राहिला तर मला साच्यावर झोप येईल का?" मीही हसायची, साच्यावर कोण झोपतं म्हणून.

रक्ताच्या दुकानातही ते दोघं बरोबर जायचे. शामलाही तोच रोग आहे. शाम, काका आणि महूचे डॉक्टर सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि तू गोळ्या आणल्यास तेव्हा तुझ्या काकांनी तेच केलं जे त्यांनी मिलमध्ये केलं होतं. एक महिना यांचा, एक महिना शामचा.

मी म्हटलं, "खोटं बोलतोस. मी रोज माझ्या हाताने दिल्यात."

शाम म्हणाला, "रिकाम्या डब्या भिया ठेवून घ्यायचे, वहिनी. ज्या महिन्यात माझी पाळी, त्या महिन्यात त्यात कॅल्शियमच्या गोळ्या भरायचे. वैसीच सफेद. म्हणायचे, मंगला समोर उभी राहते रे, काहीतरी तर गिळावं लागेल."

अनु, ते जीभ काढून दाखवायचे मला.

मला रडू नाही आलं. मला इतका राग आला की हातातलं भांडं मी मोरीत फेकलं. शाम उठून उभा राहिला, त्याला वाटलं त्याच्यावर रागावले. त्याच्यावर नाही. हो, त्याच्यावरही. सगळ्यांवर. मला न विचारता माझा नवरा वाटून टाकला यांनी. मीच समोर ठेवायचा पाण्याचा पेला, आणि मलाच माहीत नाही.

तू म्हणालीस तिसरा गट. बरोबर आहे तुझं. थोडे दिवस दिलं, थोडे दिवस बंद केलं.

शामला मी एका महिन्याच्या डब्या दिल्या. दारात उभा होता, काय करू? तो पाया पडला. अंबिकाला सांगू नका म्हणाला, तिला टीबीच्या गोळ्या म्हणून सांगितलंय.

काकू


बाल्टिमोर,
१४ नोव्हेंबर १९९९

काकू,

तुझं पत्र मी लॅबच्या जिन्यात बसून वाचलं. काका. काय माणूस गं.

आता शांतपणे वाच, मी घाईत लिहितेय पण विचार करून लिहितेय.

शामकाकांना आता या गोळ्या देऊ नकोस. एकही नाही. ऐकायला वाईट वाटेल, पण त्यांनीही एक महिना सोडून एक महिना घेतलंय, म्हणजे त्यांच्यातही बहुधा तेच झालंय जे काकांच्यात झालं. त्यांच्यावर ही औषधं चालणार नाहीत. आणि इथे जे लोक उरलेली औषधं गोळा करून मला देतात ते एकाच माणसापुरती देतात. मी खूप विचारलं, दुसरा वाटा मिळत नाही. तू त्या वाटून घेतल्यास तर तुझ्यातला विषाणूही शिकेल आणि मग माझ्याकडे तुझ्यासाठीसुद्धा काही उरणार नाही. आजच सुरू कर आणि एकही दिवस चुकवू नकोस.

दुसरं. मला शामकाकांच्या रक्ताचं कार्ड पाठव. हे फार महत्त्वाचं आहे. दोन माणसं, एकाच सुईतून आलेला विषाणू, तीच औषधं, फक्त एकाचा महिना भरलेला तेव्हा दुसऱ्याचा रिकामा. असं कुणी ठरवूनही करू शकणार नाही. हा आपोआप झालेला प्रयोगच आहे. कार्डांवर जे बदल दिसतील ते घालून इथे विषाणू तयार करता येईल आणि उंदरांत सोडून पाहता येईल की तो कुठल्या वाटेने जातो. माझे गाइड ऐकून उभेच राहिले. या विषाणूच्या भारतातल्या प्रकारावर असं काम कुणीच केलेलं नाही.

अंबिकाकाकूंची तपासणी झालीय का? त्यांना खरंच काही माहीत नाही?

तुझी,
अनु


इंदूर,
२९ नोव्हेंबर १९९९

डॉक्टर अनुश्रीबाई,

तुमचे गाइड उभे राहिले हे वाचून आनंद झाला. तुझे काका गेले तेव्हा त्यांच्यासाठी मिलचं कुणी उभं राहिलं नव्हतं. चला, बाल्टिमोरला कुणी तरी राहिलं.

तुझे काका प्रयोग करत नव्हते, अनु. एकाच्या वाट्याचं दोघांनी खायची त्यांना सवय होती, आणि ती सवय त्यांना लावली कुणी? दोन माणसं फाटकावर उभी करून एकालाच आत घेणाऱ्यांनी. आता तूही तेच लिहितेस. वाटा एकच आहे. मंगला आत, शाम बाहेर. तुला वाटतं मला नवीन काहीतरी सांगतेयस. मी हे वाक्य वीस वर्षं ऐकलंय, फक्त आधी ते मुकादम बोलायचा.

आमचं रक्त आधी दुकानाने घेतलं आणि एक केळं दिलं. आता तू मागतेस. तू तर केळंही देत नाहीस. शामला गोळी देऊ नको, शामचं रक्त पाठव. एकाच पत्रात, एकाखाली एक, हे लिहिताना तुझा हात थांबला नाही? तू आमच्या घरात वाढलीस. तुझ्या आईचं आजारपण होतं तेव्हा तुला सायकलच्या दांडीवर बसवून लालबागच्या जत्रेत कोण न्यायचं? आम्ही तुझ्यासाठी गट क्रमांक किती?

ज्या बायकांच्या बाळांच्या पेशी तू उंदरांत घालतेस त्यांची लेखी परवानगी असते म्हणालीस. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला ते वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. निदान विचारलं त्यांना. त्यांच्यासमोर कागद ठेवला. शामला कोण विचारणार? तू मला सांगितलंस, मी त्याचं बोट धरून टोचायचं, आणि तो तर पाय धरतोय, तो नाही म्हणेल का?

मी गोळ्या सुरू केलेल्या नाहीत. का, ते नीट सांगता येत नाही. डबी उघडते आणि समोर शाम उभा राहतो. त्याला नाही म्हणायचं असेल तर कुठल्या तोंडाने म्हणू? "अनु म्हणते तुझ्यावर चालत नाही"? तो म्हणेल, वहिनी, मग वाट पाहत बसू का? तू पाहिलं नाहीस तो कसा डबी धरतो. दोन हातांनी.

तर ऐक. कार्ड हवं असेल तर माझ्या अटी आहेत.

शामच्या कार्डावर शामचं नाव राहील, नंबर नाही. त्यात जे दिसेल ते तू आधी शामला कळवायचं, मराठीत, मला समजेल असं, आणि मग तुझ्या गाइडला. नुसतं "चालणार नाही" नको. काय चालेल ते सांगायचं. उंदरात काय करणार आहात ते लिहून पाठवायचं, आणि तो सही करेल तरच करायचं. आणि ती औषधवाली मंडळी एका माणसापुरतं देतात म्हणालीस, तर त्यांना जाऊन सांग की इथे एका माणसाचं दोघं खातात आणि दोघं मरतात, आणि हे तुझ्या उंदरांनीही सिद्ध केलंय. तू नाही सांगणार तर मला पत्ता दे. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी लिहीन.

अंबिकाचं विचारलंस. तिला काही माहीत नाही. मला रक्ताच्या दुकानाचं दोन वर्षं माहीत नव्हतं तसंच. बत्तीस वर्षांची बाई आहे. परवा भेटली, म्हणाली, "वहिनी, यांचा टीबी जातच नाही, लिंबू उतरवून टाकते रोज." मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

मंगला


बाल्टिमोर,
१२ डिसेंबर १९९९

काकू,

मी स्वतःची बाजू मांडणार नाही. पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या अटी इंग्रजीत करून गाइडच्या टेबलावर ठेवल्या. ते म्हणाले, नाव ठेवायचं नाही हा नियम आहे, नाव न ठेवणं माणसाच्या भल्यासाठीच असतं. मी म्हटलं, तिथे नाव लपवण्यानेच माणसं मरताहेत. खूप वाद झाला. शेवटी असं ठरलं की इथल्या कागदावर नंबर राहील, पण शामकाकांकडच्या कागदावर नाव राहील आणि निकाल आधी त्यांना जाईल. परवानगीचा कागद मी मराठीत लिहून सोबत पाठवतेय. त्यात उंदरांत काय करणार ते आहे. नाही म्हणायचा रकाना वर ठेवलाय, हो खाली. ते नाही म्हणाले तरी मी त्यांचं कार्ड वाचीन आणि निकाल कळवीन. तेवढं मी गाइडला न विचारताच ठरवलंय.

औषधवाल्यांना भेटले. त्यांना सगळं सांगितलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचा जोडीदार याच रोगाने गेला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, कुठली औषधं अजून चालतील हे कार्डावरून कळलं तर वेगळ्या डब्यांसाठी प्रयत्न करू. काकू, प्रयत्न म्हणालेत. मी शब्द वाढवून लिहीत नाही. मिळतील की नाही मला माहीत नाही, आणि वेळेत मिळतील की नाही तेही माहीत नाही.

पण या डब्या त्यांच्यावर चालणार नाहीत हे जवळजवळ नक्की आहे. तुला कुठल्या तोंडाने नाही म्हणू असं वाटतं. तू त्यांना डबी देतेस तेव्हा त्यांना औषध देत नाहीस. काका तुला जे कॅल्शियम दाखवायचे, तेच देतेस. हे कठोर आहे, पण मला दुसऱ्या शब्दांत येत नाही.

अंबिकाकाकूंचं तू ठरव. मी इथून काही म्हणणार नाही.

तू मला डॉक्टर अनुश्रीबाई म्हणालीस. दोन दिवस मी उंदरांच्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण खाणं द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

अनु


इंदूर,
४ जानेवारी २०००

चि. अनुस आशीर्वाद.

तुझं पत्र एकतीस तारखेला दुपारी मिळालं. गावात शतकाची धामधूम होती, पोरं सकाळपासून फटाके फोडत होती, सगळ्यांना नवीन काहीतरी मिळणार होतं. मी पत्र वाचलं, परवानगीचा कागद वाचला. "नाही"चा रकाना वर, हे बघितलं. बरं केलंस.

आणि ते कॅल्शियमचं वाक्य. ते वाचून तुझा फार राग आला. संध्याकाळपर्यंत राहिला. मग मी डबी उघडली आणि माझ्या गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर एकही वेळ चुकवलेली नाही.

एक तारखेला शाम येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. रविवारी आला. त्याला अंबिकाच्या भावाने सायकलवर आणून कोपऱ्यावर सोडलं होतं, चार घरं चालून यायलाही त्याला धाप लागली.

मी म्हटलं, "शाम, बस. आज डबी नाही."

तो हसला. "आली नाही का पार्सल? होऊन जाईल, वहिनी, मी अजून आठ दिवसांनी येतो."

"पार्सल आलंय. डबी आहे. तुला देणार नाही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, अनु. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, जेवढं त्याचं होतं तेवढं. विषाणू कसा शिकतो ते सांगितलं. तू लिहिलंस त्याहून सोपं करून सांगितलं, जसं मला समजलं तसं. एक महिना आड घेतल्याने तुझ्यातही तो तयार झाला आणि भियांच्यातही. या गोळ्या तुझ्यासाठी आता खडूसारख्या आहेत.

त्याने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "मतलब भिया माझ्यामुळे गेले."

मला हो म्हणायचं होतं. मी दोन महिने तेच म्हणत होते, भांडी घासताना, चादर झटकताना. पण तो समोर बसला होता, त्याच्या गळ्याची हाडं दिसत होती. मी म्हटलं, "मिलमुळे गेले. रक्ताच्या दुकानामुळे गेले. आणि स्वतःच्या अकलेने गेले. मला विचारलं असतं तर मी दोघांनाही ओरडले असते आणि तुझ्या अनुताईला लिहिलं असतं की दोघांचं पाठव. दोघं बायकांना न विचारता हुशारी करायला गेलात."

"आपण भियांना बोल लावता, वहिनी."

"लावते. माझा नवरा आहे. मी नाही लावणार तर कोण?"

तो खरंच हसला त्यावर. खोकला आला, पाणी दिलं. मग मी परवानगीचा कागद पुढे ठेवला. त्याने दोन्ही रकाने वाचले, बोट ठेवून. "उंदराला माझा रोग देणार? देऊ दे. पण त्यांना सांगा, मिलमध्ये जेवढे होते त्यांच्यापैकी त्या दुकानात कोण कोण जायचे ते मला माहीत आहे. त्यांचंही बघायला हवं." मी म्हटलं, त्यांना आपणच सांगू. रविवारी सगळे जमतातच ना फाटकावर, पगाराच्या थकबाकीच्या सभेला. तो घाबरला. "वहिनी, तिथे नाव नका घेऊ या रोगाचं. घरं उठतील." मी म्हटलं, तुझं नाव घेणार नाही, माझ्या नवऱ्याचं घेईन. ते नाव माझं आहे.

मग त्याने खालच्या रकान्यात सही केली, आणि मी त्याचं बोट टोचलं. कार्ड वाळवून या पाकिटात ठेवलंय. मागे नाव आहे.

जाताना त्याला मी एक गोष्ट विचारली. अंबिकाला कोण सांगणार, तू की मी. तो म्हणाला, "आप प्लीज मत बताना. ती निघून जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे. जायचं की नाही ते तिला ठरवू दे."

"वहिनी, तुम्ही वचन दिलं होतं."

"मी गप्प राहिले होते. वचन दिलं नव्हतं. शाम, मला कुणी रक्ताच्या दुकानाचं वेळेत सांगितलं असतं तर मी कदाचित आज गोळ्या घेत नसते. तुझ्या बायकोला मी रोज लिंबू उतरवताना बघत बसू? उद्या सकाळपर्यंत तू सांग. नाही सांगितलंस तर मी येते."

तो उठला. रिकाम्या हाताने गेला. मी दारात उभी राहून त्याला कोपऱ्यापर्यंत जाताना बघितलं. मला अजूनही माहीत नाही मी बरोबर केलं की नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तोही लिहून ठेवते. पण तू त्या औषधवाल्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि शामच्या डब्यांसाठी त्यांच्या दारात रोज जाऊन उभी राहा. लाज वाटली तरी राहा. आम्ही फाटकावर वर्षानुवर्षं उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. शामने सांगितलं नव्हतं. मी त्याच्या घरी गेले, अंबिकाला त्याच्यासमोर सगळं सांगितलं, आणि दहाच्या बसने तिला घेऊन तपासणीला महूला गेले.

तुझी,
काकू